पीतापीत : दख्खनच्या कोरड्या पठारावरील पशुपालन, पाणी आणि धम्म

दिवाळी सरली की सिंहगड रस्त्याने, धायरी फाट्याच्या वाहनांच्या गर्दीतून वाट काढीत मेंढ्यांचे कळप पश्चिमेकडे जाताना अद्यापही कधी कधी दिसतात. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड लादलेले असते. त्यावर एखादे लहान मूल, कोंबड्या आणि नुकतीच जन्मलेली कोकरे. पुढे खांद्यावर घोंगडी टाकलेला धनगर आणि मागे कुत्री. दुतर्फा उभ्या राहिलेल्या इमारतींतील रहिवाशांना हे दृश्य अपूर्वाईचे वाटते. वास्तविक या भूमीवरील हा सर्वांत जुना प्रवास होय. इमारती काल आल्या. कळपाची वाट सहस्रावधी वर्षांची आहे.

ही वाट पाण्याने आखलेली आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो. परंतु घाट ओलांडून पूर्वेकडे आल्यावर काही कोसांतच त्याचे प्रमाण झपाट्याने घटते. पुण्यात ते सुमारे ७०० मिलिमीटर, तर माण, खटाव, बारामती, इंदापूर या पट्ट्यात सुमारे ५०० मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. ही पर्जन्यछायेतील भूमी वाळवंट नव्हे. तथापि वर्षातील आठ महिने ती वाळवंटासारखीच वागते. अशा उंच आणि कोरड्या पठारावर माणूस दोन गोष्टींच्या आधारे जगला : चालते पशुधन आणि साठविलेले पाणी. या दोहोंचा मेळ कसा घातला गेला, बौद्ध परंपरेने त्यास कोणता नैतिक अर्थ दिला आणि तो अर्थ पुढे कसा भंगला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

इनामगावचा धडा

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव हे स्थळ आहे. डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. मधुकर ढवळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे विस्तृत उत्खनन केले. इ. स. पू. १६०० ते ७०० या अवधीतील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची ती वसाहत. तिच्या भरभराटीच्या काळात, म्हणजे पूर्व जोर्वे कालखंडात, लोक चौकोनी प्रशस्त घरांत राहत. आणि पुराचे पाणी वळवून शेतीस पुरविण्यासाठी त्यांनी बांध घालून पाट खोदला होता. पाटाचे काम एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातील नसते. त्यास सामूहिक श्रम लागतात, आणि पाणी कोणास किती मिळावे याविषयी काही संकेतही लागतात.

इ. स. पू. १००० च्या सुमारास हवामान अधिक कोरडे होत गेले, असा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष आहे. उत्तर जोर्वे कालखंडात मोठी घरे नाहीशी होऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती आखडली, पशुपालन आणि शिकार यांवरील भिस्त वाढली आणि समाज अर्धभटक्या जीवनाकडे वळला. इ. स. पू. ७०० च्या सुमारास वस्ती उजाड झाली. म्हणजेच या पठारावर शेती व पशुपालन हे प्रगतीच्या शिडीचे दोन टप्पे नसून, पाण्याच्या कमीजास्त प्रमाणानुसार माणसाने आलटून पालटून धरलेले दोन आधार आहेत. पाऊस दगा देतो तेव्हा शेतकरी कळपाच्या मागे चालू लागतो.

प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरातील टेकड्या पायी तुडवून याच प्रश्नाचा वेगळ्या अंगाने शोध घेतला. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या इंग्रजी ग्रंथात त्यांनी सूक्ष्मपाषाणांची ठिकाणे, धनगरांच्या ऋतुमानानुसार चालणाऱ्या वाटा, मातृदेवतांची ठाणी आणि बौद्ध लेणी यांचा परस्परसंबंध दाखविला. कळपांच्या वाटा पुढे व्यापारी तांड्यांच्या वाटा झाल्या आणि त्याच वाटांवर विहार कोरले गेले, असे त्यांचे प्रतिपादन थोडक्यात सांगता येईल. विहार निर्जन अरण्यात नव्हते. माणसे आणि जनावरे ज्या वाटेने जात, त्या वाटेच्या उशाशी ते होते.

गोपालकाचे ज्ञान

तथागतांचा काळ हा शेती व गोपालन यांच्या सांध्यावरचा काळ होता. त्यामुळे पालि साहित्यात गोपालक वारंवार भेटतो. मज्झिमनिकायातील महागोपालकसुत्तात उत्तम गोपालकाच्या अंगी असावयाची अकरा कौशल्ये सांगितली आहेत. तो आपल्या गाईंचे रूप व लक्षण ओळखतो, जखमेतील माशीची अंडी काढून टाकतो, जखम झाकतो, डास-माश्या हटविण्यासाठी धूर करतो, उतार कोठे आहे हे जाणतो, गाईंनी पाणी प्यायले की नाही हे जाणतो, वाट जाणतो, चराईचे रान जाणतो, वासरासाठी दूध राखून दोहन करतो, आणि कळपाचे नेतृत्व करणाऱ्या बैलांचा विशेष मान राखतो. या अकरा गोष्टी भिक्षूच्या साधनेस लावून दाखविणे हा सुत्ताचा हेतू आहे. परंतु उपमा परिणामकारक होते ती श्रोत्यांस मूळ व्यवहार ठाऊक असतो म्हणूनच. त्या दृष्टीने हे सुत्त प्राचीन भारतीय पशुपालनाचा एक अस्सल दस्तऐवज ठरते.

या सुत्तावरील ‘पपञ्चसूदनी’ या अट्ठकथेत आचार्य बुद्धघोषांनी इ. स. च्या पाचव्या शतकात जे विवरण केले आहे, ते कोरड्या प्रदेशातील वाचकाने विशेष लक्षपूर्वक वाचावे. ‘गोचरकुसल’ या पदाचा अर्थ सांगताना ते म्हणतात की, मोठा कळप ज्या जागी चरतो ती जागा नगाऱ्याच्या चामड्यासारखी गुळगुळीत, तृणहीन होते आणि तेथील पाणीही गढूळ होते. म्हणून जाणता गोपालक एका दिशेस कळप चारल्यावर दुसऱ्या दिवशी तेथे जात नाही. पाचव्या किंवा सातव्या दिवशी परततो. तेवढ्या अवधीत गवत पुन्हा वाढते आणि पाणी निवळते. आधुनिक कृषिशास्त्र ज्यास आवर्तन पद्धतीची चराई म्हणते, तिचे तत्त्व येथे स्वच्छपणे आलेले आहे.

दुसरे पद ‘सावसेसदोही’. शेष राखून दोहन करणारा, असा त्याचा अर्थ. जो निःशेष दोहतो, तो वासरू मारतो आणि अखेर गाय गमावतो. गाय, कुरण, विहीर, नदी या सर्वांस हा एकच नियम लागू पडतो.

परंतु सर्वांत मर्मग्राही विवरण आहे ते ‘पीत’ जाणण्याचे. अट्ठकथा त्याचा अर्थ ‘पीतापीत’ असा करते : कोण प्यायले आणि कोण प्यायले नाही, हे जाणणे. पाणवठ्यावर कोणत्या गाईला जागा मिळाली आणि कोणत्या गाईला मिळाली नाही, याची नोंद गोपालकाने मनात ठेवली पाहिजे. कळप पाण्यावर उतरतो तेव्हा दांडगी जनावरे पुढे घुसतात. दुबळी, आजारी, नुकतीच व्यालेली मागे रेटली जातात. दुरून पाहणाऱ्यास सारा कळप पाण्यावर गेला असेच दिसते. जाणत्यास मात्र ठाऊक असते की पाणवठा गाठणे आणि पाणी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याच्या वाटपाचा सारा नीतिविचार या एका शब्दात साठलेला आहे, असे मला वाटते.

याच्या जोडीला चूळगोपालकसुत्त ठेवावे. मगधातील एका मूर्ख गोपालकाने पावसाळ्याच्या शेवटच्या महिन्यात काठ न पारखता, उतार नसलेल्या जागी गाईंना गंगेत घातले आणि कळप प्रवाहात बुडाला. शहाण्याने प्रथम बलवान बैल, मग धष्टपुष्ट गाई-बैल, मग गोऱ्हे-कालवडी, मग दुबळी वासरे असा क्रम राखला. आईच्या हंबरण्याच्या मागोमाग जाणारे त्या दिवशीचे तान्हे वासरूही पैलतीरास पोहोचले. बलवानांना येथे पुढे जाऊ दिले आहे, पण ते प्रवाह कापून वाट दाखविण्यासाठी. क्रम कोणताही असो, त्याची कसोटी शेवटचे वासरू पोहोचले की नाही हीच आहे.

बुद्धवचन पशुपालकाच्या जीवनाचे केवळ कौतुक करीत नाही, हेही नमूद केले पाहिजे. अंगुत्तरनिकायात ‘गोपालक-उपोसथ’ हे हीन उपोसथाचे उदाहरण म्हणून येते : संध्याकाळी गाई मालकांच्या स्वाधीन करून, आज कोठे चारल्या व उद्या कोठे पाजाव्या याच विवंचनेत असणाऱ्या गुराख्यासारखा तो उपासक उद्याच्या भोजनाचा विचार करीत बसतो. यावरून एक सामाजिक वस्तुस्थितीही कळते. गाई राखणारा आणि गाईंचा धनी हे बहुधा भिन्न असत. संयुत्तनिकायातील नंद गोपालक प्रव्रज्या मागतो, तेव्हा भगवान त्यास प्रथम गाई धन्यांकडे पोहोचविण्यास सांगतात. वासरांच्या ओढीने त्या आपोआप घरी जातील, असे नंद म्हणतो. तरीही भगवान आपला आग्रह सोडत नाहीत. हाती घेतलेल्या जबाबदारीची फेड केल्याविना मुक्तीची वाट सुरू होत नाही.

राज्याने काय करावे, याचे उत्तर दीघनिकायातील कूटदन्तसुत्तात आहे. जनपदातील उपद्रव शिक्षेने शमणार नाही. जे कृषी व गोरक्षण करतात त्यांना बी-बियाणे व अन्न पुरवावे, व्यापाऱ्यांना भांडवल द्यावे आणि राजसेवकांना वेतन द्यावे, असा उपदेश तेथे आहे. आणि पाण्याविषयी : रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय शस्त्रे उपसून उभे राहिले, ही कथा अट्ठकथांतून आली आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण याच जलकलहात शोधले. पाण्याचा न्याय हा धम्माच्या परिघावरचा विषय नव्हे. बाबासाहेबांच्या मांडणीत तो धम्माच्या उगमाशीच आहे.

पोढी : दगडातील दान

आता ग्रंथांकडून शिलालेखांकडे वळू. महाराष्ट्रातील लेण्यांत प्राकृत ‘पोढी’ किंवा ‘पानियपोढी’ हा शब्द वारंवार येतो. पोढी म्हणजे कातळात कोरलेले पाण्याचे टाके. आपला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, सहसा पाणी झिरपू देत नाही. म्हणून टाके एकदा नीट कोरले की ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते. लेण्याच्या दर्शनी भागावरून ओघळणारे पावसाचे पाणी पन्हळी कोरून टाक्याकडे आणले जाई. पुष्कळ टाक्यांचे तोंड लहान व पोट कातळाखाली विस्तीर्ण असते. त्यामुळे ऊन कमी लागते व बाष्पीभवन घटते. चार महिन्यांचा पाऊस आठ महिने पुरविण्याची ही व्यवस्था होती. कान्हेरीस तर लेण्यालेण्यापाशी अशी टाकी आहेत.

ही टाकी कोणी दिली? भाजे येथील एका टाक्याचा दाता महारठी कोसिकीपुत विण्हुदत आहे. बेडसे येथील टाक्यावर महारठिनी सामडिनिका या स्त्रीचे नाव आहे. जुन्नरच्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्याचे म्हटले आहे. कान्हेरीस कल्याणच्या सामिदत सोनाराने पानियपोढी दिली. नाणेघाटातील एका टाक्यावर वासिष्ठीपुत्र चतरपण सातकर्णीच्या तेराव्या राज्यवर्षाचा लेख आहे. आणि नाणेघाट हा विहार नव्हे, तर कोकणातून जुन्नरकडे चढणारा घाटमार्ग आहे. त्या खडकात कोरलेल्या पाण्याजवळूनच बैलांचे तांडे जात.

कान्हेरीचा एक संस्कृत लेख विशेष उल्लेखनीय आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक राजकुलातील, महाक्षत्रपाची कन्या. तिच्या विश्वासू अमात्याने, शतेरकाने, ‘पानीयभाजन’ दान केले. हा महाक्षत्रप म्हणजे पहिला रुद्रदामन असावा, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. याच रुद्रदामनाने सौराष्ट्राच्या अल्पवर्षी प्रदेशातील फुटलेला सुदर्शन तलाव बांधून काढला. इ. स. १५० च्या सुमाराच्या जुनागढच्या त्याच्या लेखात आवर्जून सांगितले आहे की, हे काम प्रजेवर कर न लादता व वेठ न घेता, राजकोशाच्या खर्चाने केले. तोच लेख सांगतो की तलाव प्रथम चंद्रगुप्त मौर्याच्या काळी बांधला गेला आणि सम्राट अशोकाच्या काळी तुषास्फ या यवनाने त्यास पाट जोडले. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात वाटांवर विहिरी खोदून झाडे लावल्याचे सांगताना ‘माणसांच्या व पशूंच्या उपभोगासाठी’ अशा आशयाचे शब्द आहेत. मनुष्य व पशू यांचा पाण्यावरील अधिकार एकाच वाक्यात मान्य करणारे हे भारतातील अत्यंत प्राचीन राजशासन होय. संयुत्तनिकायातील वनरोपसुत्तातही ‘पपा’ आणि ‘उदपान’ देणाऱ्याचे पुण्य रात्रंदिवस वाढते, असे सांगितले आहे. ही ‘पपा’ म्हणजेच संस्कृतातील ‘प्रपा’ आणि आपल्या मराठीतील ‘पाणपोई’मधील ‘पोई’.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत पशुधन आणि पाणी एकाच लेखात भेटतात. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात आपल्या दानांची यादी देतो : तीन लक्ष गाई, नद्यांवर घाट, फुकट नावा, विहिरी व तलाव, आणि शेवटी, हे लेणे व या पोढी. त्याच लेण्यात पुढे आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षाचा लेख आहे. आभीर हे मूळचे पशुपालक गण मानले जातात. त्यांच्या राजवटीत शककन्या उपासिका विष्णुदत्ता हिने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी नाशिकच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. त्यांत कुंभार होते, तेली होते आणि ‘ओदयंत्रिक’ होते; ओदयंत्रिकांकडे २००० कार्षापण ठेवले गेले. ओदयंत्रिक म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे वा चालविणारे कारागीर. तिसऱ्या शतकात गोदावरीच्या काठी पाणी उचलण्याची विद्या जाणणाऱ्यांची स्वतंत्र श्रेणी होती आणि तिची पत एवढी होती की संघाची ठेव तिच्याकडे सुरक्षित मानली जाई.

या सर्व लेखांत दात्याचे नाव, गाव, व्यवसाय येतो. यवन आहे, शक आहे, सोनार आहे, अमात्य आहे, स्त्रिया आहेत. दान बहुधा चारही दिशांच्या भिक्षुसंघास आहे. वाटसरूने किंवा गुराख्याने ते पाणी प्यावे असे शब्द लेखांत नाहीत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु अमुक जातीने येथील पाण्यास शिवू नये, असेही कोठे कोरलेले नाही. आणि ज्या संघास हे पाणी दिले, त्या संघात सोपाक होता, सुनीत होता, उपालि होता. दिव्यावदानातील शार्दूलकर्णावदानात आनंद मातंगकन्या प्रकृतीकडे पाणी मागतो; ती आपली जात सांगून मागे सरते, तेव्हा आपण जात विचारली नाही, पाणी मागितले, असे तो म्हणतो. पोढीच्या पाण्यामागची दृष्टी हीच होती.

जनावरे प्याली, माणसे प्याली नाहीत

ही दृष्टी पुढे हरवली. ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमाचा विचार करताना पशुपालनापासूनच आरंभ केला आहे. आदिम समाज भटका होता, कारण त्याची संपत्ती गुरे ही होती; गुरे चाऱ्यामागे जात आणि माणसे गुरांमागे. शेतीमुळे काही टोळ्या स्थिरावल्या. लढायांत पराभूत होऊन विखुरलेल्यांनी गावाच्या सीमेवर राहून राखणदारी पत्करली. बाबासाहेबांनी त्यांस ‘ब्रोकन मेन’ असे नाव दिले आणि ते बौद्ध होते असे प्रतिपादन केले. या सिद्धान्ताच्या तपशिलाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि गुरे, स्थिर वस्ती आणि गावकूस यांच्या परस्परसंबंधात जातीचा उगम शोधण्याची त्यांची दिशा आजही विचारप्रवर्तक आहे.

पुढील काळात गावगाड्याने जी विभागणी केली, तिच्यात मेलेले गुरू ओढणे महाराच्या वाट्यास आले आणि जिवंत गुरू ज्या पाणवठ्यावर पाणी पिते तो पाणवठा त्यास बंद झाला. श्री. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने संमत केला. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. परंतु तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सहस्रावधी अनुयायांसह तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या तळ्यावर परधर्मीय पाणी भरू शकत, गुरेढोरे पाणी पिऊ शकत. बंदी होती ती अस्पृश्य मानलेल्या माणसांस. पुढे चाललेल्या दाव्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने दिला. अनादी काळापासूनच्या वहिवाटीचा सवर्णांचा दावा सिद्ध झाला नाही.

‘अनादी वहिवाट’ या शब्दांकडे पुन्हा पाहावे. महाडच्या अगदी जवळ, गांधारपाले येथील डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तेथील लेखात कुमार काणभोअ वेण्हुपालित याने लेणे, चैत्यगृह, भिक्षूंच्या खोल्या, वाट आणि दोन पोढी दिल्याचे नमूद आहे. चवदार तळ्याच्या शेजारच्याच डोंगरावर, सत्याग्रहापूर्वी दीड सहस्र वर्षांहूनही अधिक काळ आधी, जातिविहीन संघासाठी पाणी कोरून ठेवलेले होते. वहिवाटच शोधावयाची तर त्या भूमीची अधिक जुनी वहिवाट ही आहे. बाबासाहेबांनी महाडास नवा हक्क निर्माण केला असे म्हणण्यापेक्षा, बुजविलेला झरा पुन्हा मोकळा केला असे म्हणणे इतिहासाला अधिक धरून होईल.

कुरण कोणाचे?

पाण्याइतकाच बिकट प्रश्न कुरणाचा. धनगरांचे वाडे पावसाळ्यात पर्जन्यछायेतील माळांवर राहतात, कारण मेंढीस चिखल व ओल सोसत नाही. पाऊस संपल्यावर ते घाट उतरून कोकणात वा अन्यत्र जातात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवितो; लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य वा पैसा देतो. हा करार लेखी नसतो, पण दोन्ही बाजूंस फायद्याचा असतो. वनखात्याची बंदिस्त क्षेत्रे, बागायती ऊस आणि आता नगरविस्तार यांनी या वाटा एकेक करून तोडल्या.

याच्या दुसऱ्या बाजूस गायरानाचा प्रश्न आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली व पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांत पडीक जमिनी भूमिहीनांना द्याव्यात ही प्रमुख मागणी होती. मराठवाड्यात अनेक दलित कुटुंबांनी गायरान जमिनी कसल्या आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला. मेंढपाळास चराई हवी आणि भूमिहीनास भाकरीपुरती जमीन हवी. या दोघांना परस्परांविरुद्ध उभे करणे सोपे आहे, आणि ते केलेही जाते. परंतु पीतापीत जाणणाऱ्याने विचारावे की, या दोघांस रेटून पाणवठ्याच्या अग्रभागी कोण उभा आहे? पठारावरील पाण्याचा मोठा वाटा ज्या पिकाने आणि ज्या वस्त्यांनी उचलला, त्यांच्याकडे बोट न दाखविता दोन तहानलेल्यांचे भांडण लावणे हा न्याय नव्हे.

मार्ग असू शकतो हे पुरंदर तालुक्यातील नायगावने दाखविले. १९७२ च्या दुष्काळानंतर श्री. विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. त्याचे नियम साधे होते : पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीवरून न ठरता कुटुंबातील माणसांच्या संख्येवरून ठरावा, भूमिहीनासही पाण्याचा वाटा असावा, जमीन विकली तरी पाणी विकले जाऊ नये, आणि ऊस लावू नये. प्रयोगाच्या मर्यादा होत्या. तो सर्वत्र पसरला नाही. तथापि जे ‘सावसेसदोही’ या शब्दात आहे, तेच येथे नियमांच्या भाषेत उतरले होते.

धायरीच्या उंबरठ्यावर

आता पुन्हा धायरीकडे येऊ. येथून जवळच मुठेवर खडकवासल्याचे धरण आहे. १८७९ च्या सुमारास ते पूर्ण झाले आणि त्याच्या कालव्याने पुण्यास व पूर्वेकडील कोरड्या शिवारास पाणी पोहोचविले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून खडकवासलाही वाहून गेले. पुढे ते पुन्हा उभे राहिले. धरणाच्या इतक्या निकट असलेल्या या गावाचा उर्वरित भाग २०१७ साली महापालिकेत आला. तरीही जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा विहिरींच्या व टँकरच्या पाण्याच्या शुद्धतेचाच प्रश्न ऐरणीवर आला. धरण डोळ्यांसमोर, आणि घरात येणारे पाणी संशयास्पद. पाणवठा गाठणे आणि पाणी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे याहून ठळक उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही.

विनयपिटकात भिक्षूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र आहे. जिवंत प्राणी असलेले पाणी वापरणे पाचित्तिय मानले आहे; पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, थुंकू नये, असाही नियम आहे. ज्या संघाने पाण्याविषयी इतकी काटेकोर शिस्त पाळली, त्याच्या उपासकांनी नदी नाला होताना मुकाट पाहणे शोभत नाही.

दरवर्षी २० मार्चला आपण महाडास वंदन करतो. ते वंदन यथार्थ व्हावयाचे तर आपल्या गल्लीत, आपल्या गावी, आपल्या शिवारात एक गणना केली पाहिजे : कोणाच्या दारी नळ आहे आणि कोण टँकरची वाट पाहतो, कोणाच्या उसास पाणी आहे आणि कोणाच्या मेंढरास नाही, बांधकामावर वीट वाहणाऱ्या बाईची घागर कोठे भरते. लेण्यांतील दात्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे एकेक पोढी कोरली. आपल्या हाती छिन्नी नसेल, मत आहे, संघटना आहे, संविधान आहे. संध्याकाळी कळप मोजणारा गोपालक किती गाई परतल्या एवढेच पाहत नाही. कोणती तहानलेली राहिली, हे पाहतो. धम्माच्या अनुयायानेही तेच पाहावे.